तळाला गेलेलं नाव

नोरीनने फोन मान आणि खांदा यांच्या बेचक्यात दाबून धरला आणि मोकळ्या हाताचं बोट पडद्यावरच्या तिसऱ्या ओळीवरून फिरवलं. बोटाने ओळ पुसली जात नाही हे तिला ठाऊक होतं. पण तीन तास एकेचाळीस मिनिटं झालेली ती केशरी ओळ डोळ्यात कुसळ गेल्यासारखी खुपत होती.

"लेन, माझा माणूस आधी घे ना," ती म्हणाली. "एकोणीस मिनिटं उरलीत."

"तुझी सगळीच माणसं आधीची असतात," पलीकडून स्कॅनच्या खोलीतला लेन म्हणाला. "एकच मशीन चालू आहे बाई. दुसऱ्यात मेकॅनिक सकाळपासून डोकं घालून बसलाय. आणि तुमचीच एक म्हातारी आहे इथे कागदावर. अकरा वाजल्यापासून तिचा नंबर लागलाय."

"ती फुटली केव्हाच. माझा घे."

"बरं, पाठव."

नोरीनने फोन ठेवला. चहावर साय धरली होती, तरी तिने एक घोट घेतला.

कॅज्युअल्टीत आलेला माणूस चार तासांच्या आत बाहेर पडला पाहिजे, घरी तरी नाहीतर वरच्या वॉर्डात तरी, असा देशभराचा दंडक होता. शंभरातले पंच्याण्णव तरी चार तासांत निघाले पाहिजेत. चार तास उलटले की इथली मंडळी म्हणत, फुटला. नोरीन एन्टविसल ना डॉक्टर होती ना नर्स. माणूस फुटू द्यायचा नाही, एवढंच तिचं काम. मधल्या खोलीत, सगळ्यांच्या वाटेवर, पडद्यासमोर बसायचं. ओळ हिरवी असेतो गप्प राहायचं, पिवळी झाली की विचारायचं, केशरी झाली की मागे लागायचं. डॉक्टर तिला चुकवून मागच्या दाराने जात. आयर्लंडहून आलेला मुख्य नर्स डेक्लन तिला घड्याळवाली म्हणे, आणि हे नाव तिला आवडत नाही असंही नव्हतं.

ओळ लाल झाली की ती यादीच्या तळाला जाऊन बसे. ही युक्ती नोरीनचीच. पूर्वी लाल ओळी वर राहत, नजर त्यांच्यात अडकून पडे, आणि ज्यांना अजून वाचवता येईल ते खाली हातचे निसटत. दोन वर्षांपूर्वी तिने हे वरच्या मजल्यावर सांगितलं, त्यांनी तसा बदल करून घेतला, आणि तिच्या नावाने भिंतीवर एक कागद लागला. कागद अजून होता. एका कोपऱ्याची टाचणी तेवढी निसटली होती.

"काय, घड्याळवाली?" डेक्लन हातमोजे काढत आला. "आज तुझं तोंड लिंबू चोखल्यासारखं का?"

"सोमवार आहे. मार्चची एकतीस आहे, वर्षाचा शेवटचा दिवस. आणि तू मोकळा फिरतोयस."

"मी मोकळा नाही, मी पळता पळता उभा आहे."

"मग तिकडे पळ. चार नंबरचा अजून कपडे घालतोय. त्याला घरी जा म्हणून सांगून अर्धा तास झाला."

"पायमोजा सापडत नाही म्हणतो."

"माझा दे त्याला."

डेक्लन हसत गेला. नोरीन हसली नाही. यादीच्या माथ्यावर दुसरी ओळ पिवळ्याची केशरी होत होती.

दोनच्या सुमाराला गॅरेथ पिलिंग खाली आला. हा वरच्या मजल्यावरचा व्यवस्थापक, चाळिशीच्या अलीकडचा, टाय नेहमी अर्धवट सैल. तो खुर्ची ओढून बसला नाही, टेबलाच्या कडेवर टेकला.

"किती?"

"दहा फुटले."

"बारा," गॅरेथ म्हणाला. "आज बारापर्यंत आपण तरतो. आज सकाळी तीनदा बेरीज केली मी. तेरावा फुटला की वर्षाचा आकडा पंच्याण्णवच्या खाली. दशांशाने का होईना, खालीच."

"वर्षभर रांगत आलो आणि उंबऱ्यात ठेच."

"ठेच नाही नोरीन, डोकंच फुटेल. मे महिन्यात सरकारी तपासणीची ती माणसं येऊन बसतील. त्यांना कारणच हवंय. इथली कॅज्युअल्टी बंद करा, सगळं मोठ्या शहराला जोडा. मग या गावातल्या माणसाच्या छातीत कळ आली की बावीस मैल." त्याने टाय आणखी सैल केला. "मला आकड्याचं वेड नाही. तुम्हाला तरी सांगायला नको. तुमच्या आईचं तुम्हीच मला सांगितलं होतंत."

नोरीनने मान हलवली. सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत तिची आई याच इमारतीच्या पॅसेजमध्ये स्ट्रेचरवर एकोणीस तास पडून होती. नोरीन तेव्हा पुढच्या खिडकीवर बसून केसपेपर करायची. तासातासाने उठून जायची, आईच्या पायांवरचा स्वतःचा कोट नीट करायची आणि परत खिडकीवर येऊन पुढच्या माणसाला म्हणायची, नाव सांगा. तेव्हा कुणी घड्याळ लावलेलं नव्हतं, म्हणून कुणाला उशीर झालाय हे कुणाला ठाऊकच नव्हतं. पुढे चार तासांचा दंडक आला, पॅसेज रिकामा झाला. डॉक्टरमंडळींनी नाकं मुरडली. नोरीनने मात्र हे काम मागून घेतलं.

"बारावर थांबवते," ती म्हणाली.

गॅरेथने टेबलावर बोटांनी दोनदा वाजवलं आणि तो जिना चढून गेला.

तो गेला तेव्हा खिडकीच्या काचेपाशी एक म्हातारा उभा असलेला तिला दिसला. उंच, पाठीत वाकलेला, इस्पितळात यायचं म्हणून टाय बांधून आलेला. टोपी त्याने दोन्ही हातांत धरली होती. तो किती वेळ उभा होता कोण जाणे. बोलणं मध्येच तोडणाऱ्यांतला तो दिसत नव्हता.

"त्रास नाही देत पोरी," तो म्हणाला. "चहाचं मशीन कुठे आहे तेवढं विचारायचं होतं."

"सरळ जाऊन डावीकडे. पण ते नाणी खातं. थांबा, मी देते." तिने किटलीतला चहा एका कागदी पेल्यात ओतला. "कुणाबरोबर आहात?"

"माझी बायको. विनी. विनिफ्रेड टॅटरसॉल. अकरा नंबरला." पेला हातात घेऊनही तो हलला नाही. "सकाळी कचऱ्याचा डबा दारात ओढायला गेली आणि पायरीवरून पडली. कपाळाला टेंगूळ आलंय. ती म्हणते काही नाही. पण ती रक्त पातळ करायच्या गोळ्या खाते ना, म्हणून ती डॉक्टरीणबाई म्हणाल्या, डोक्याचा फोटो काढून घेऊ."

नोरीनने यादी खाली सरकवली. टॅटरसॉल, डब्ल्यू. वय त्र्याऐंशी. आली नऊ वीस. लाल. नववी फुटलेली.

"नंबर लागलाय," ती म्हणाली. "घेतील आता."

"घाई नाही, घाई नाही. बाकीचे आमच्याहून आजारी असतील." तो वळला आणि परत फिरला. "बिस्कीट असलं तर एखादं... तिच्यासाठी. नाहीतर राहू दे."

तिने दोन बिस्किटं दिली. तो ती रुमालात बांधून घेऊन गेला.

अडीच वाजता फोन तिच्या खांद्यावर होता आणि वर दोन केशरी ओळी होत्या.

"तीन छत्तीसवाली आहे माझी, लेन."

"आणि म्हातारी?"

"तिला घाई नाही," नोरीन म्हणाली. म्हणाली आणि मग तिच्या लक्षात आलं, हे वाक्य आपलं नाही. पण तोवर लेनने हं म्हणून फोन ठेवला होता, आणि सात नंबरच्या माणसाला वर वॉर्डात खाट मिळाली होती, आणि त्याला ढकलून न्यायला कुणी नव्हतं.

"बेथनी!" तिने हाक मारली. बेथनी ही मागच्या बाजूच्या खाटा सांभाळणारी नर्स, नवीनच लागलेली. "सात नंबरला वर पोचव. आठ मिनिटं आहेत."

"माझ्या मागच्या दोघांचं नाडी-रक्तदाब बघायचं राहिलंय."

"आल्यावर बघ. आठ मिनिटं, बाळा."

बेथनीने स्ट्रेचरचा ब्रेक पायाने सोडवला. लिफ्ट अडकली असावी, कारण ती लवकर परत आली नाही. पण सात नंबर तीन तास अठ्ठावन्न मिनिटांवर वर पोचला, आणि नोरीनने त्या ओळीवर खूण केली. खूण करताना सुटल्यासारखं व्हायचं. इतक्या वर्षांनीही व्हायचं. घसरलेला पेला जमिनीला टेकायच्या आत झेलावा तसं.

तीन वाजून गेल्यावर म्हातारा परत आला. या वेळी त्याने टोपी घातली होती, काचेपाशी येऊन काढली.

"पुन्हा मीच. रागावू नकोस. विनी म्हणते डोकं ठणकतंय. बिस्कीट नको म्हणाली. मघाची ती मुलगी कुठे दिसेना, म्हणून म्हटलं कुणाच्या तरी कानावर घालावं."

"ती वर गेलीय. येईलच. मी सांगते तिला."

"बस चालवायचो मी," तो म्हणाला, जणू कुणी विचारलं होतं. "एकतीस वर्षं. थांब्यावर माणसं घड्याळ दाखवायची मला. मी म्हणायचो, बस येते तेव्हा येते. आता कळतंय त्यांना काय वाटत असेल." तो स्वतःच्या बोलण्यावर हसला. "सांगशील ना तिला?"

"सांगते."

ती सांगणार होतीच. पण पाठोपाठ डॉक्टर अडेयेमी आल्या. दिवसाची मुख्य जबाबदारी त्यांच्याकडे होती. मूळच्या लागोसच्या, आवाज कधी न चढवणाऱ्या, आणि सकाळपासून जेवल्या नव्हत्या. त्यांना दोन नंबरसाठी स्कॅन हवा होता आणि दोन नंबर तीन तास बावन्नवर होता.

"आठ मिनिटांत नाही व्हायचं," लेन फोनवर म्हणाला.

"माणूस टेबलावर चढला तरी पुरे. मी त्याला निरीक्षणाच्या खोलीत गेला म्हणून दाखवते. लेन, राजा, एवढा एकच."

"हे तू तिसऱ्यांदा म्हणतेयस. मी तरी इथे बसून म्हातारीचं नाव किती वेळा खाली ढकलू? कागद भोक पडेतो खोडला मी."

"शेवटचा."

"पाठव."

तरी आणखी दोघे फुटलेच. एकाला वर खाट मिळाली नाही, दुसरा न सांगता बाहेर सिगरेट ओढायला गेला आणि सापडेपर्यंत चार तास उलटले. बारा. नोरीनने एका कागदावर बारा लिहिलं, त्याखाली रेघ ओढली, आणि रेघेवर पुन्हा रेघ ओढली.

आता वर एकच केशरी होती. प्लॅस्टरचं काम करणारा एक धडधाकट माणूस, डोक्यात फळी पडलेली. तीन तास एकतीस. बाहेरच्या बाकावर बसून तो बटाट्याच्या काचऱ्या खात होता. डोक्यात फळी पडून तासभर वांती झाली होती म्हणून त्याचाही स्कॅन सांगितला होता. हा निघाला की पुढे तासभर कुणी नव्हतं. हा निघाला की वर्ष पार पडल्यासारखंच. तिने लेनला फोन केला, लेनने कुरकुर न करता हो म्हटलं.

मग काचेवर बोटांची टकटक झाली. म्हाताऱ्याने पहिल्यांदाच काच वाजवली होती.

"गंमत सांगायला आलो," तो म्हणाला. "विनी झोपली. चांगलं झालं, रात्री तिला झोप नव्हती. आणि काय सांगू पोरी, घोरतेय! अठ्ठावन्न वर्षं माझ्या घोरण्यावरून मला माजघरात झोपायला लावलं हिने. स्वतः कधी घोरली नाही. आणि आज बघ, रेल्वे चालल्यासारखी. उठली की सांगणारच आहे."

नोरीन हसली. हसता हसता तिचा हात पडद्यावर होता तो तिथेच राहिला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"घोरतेय? होतील वीसेक मिनिटं."

"कधीच घोरली नाही म्हणालात?"

"कधीच नाही," म्हातारा म्हणाला. त्याचंही हसू हळूहळू ओसरलं. ते तिच्या चेहऱ्यावरून त्याच्या चेहऱ्यावर उतरत आल्यासारखं.

नोरीन उठली. या खुर्चीवरून कामाच्या वेळात उठायचं नाही हा तिचा स्वतःचाच नियम होता. मागच्या पॅसेजमधून ती चालत निघाली, मग भराभरा चालू लागली, म्हातारा मागून येत होता आणि म्हणत होता, "उठवू नका हं, नुकती झोपलीय." अकरा नंबर सगळ्यांत शेवटचा. पडदा ओढलेला. पडद्याच्या बाहेरच तो आवाज ऐकू आला. तो झोपेतला आवाज नव्हता. नोरीन नर्स नव्हती, पण बावीस वर्षं ती या भिंतींच्या आत बसली होती.

"विनिफ्रेड," ती म्हणाली. मग मोठ्याने, "विनी! डोळे उघडा."

म्हातारीचं तोंड थोडं उघडं होतं. कपाळावरचं टेंगूळ जांभळं झालं होतं, मुलांच्या गुडघ्यावर असतं तसं साधं टेंगूळ. उशाशी रुमालात दोन बिस्किटं होती. नोरीनने तिचा हात हातात घेतला आणि दाबला. हात काहीच म्हणाला नाही.

"डेक्लन!"

बावीस वर्षांत ती इथे कधी ओरडली नव्हती. तीन पडदे एकदम सरकले. डेक्लन आला, त्याने पापणी वर करून बॅटरी मारली, मग दुसरी पापणी वर केली, आणि त्याच्या तोंडावरची सगळी थट्टा निघून गेली.

"अडेयेमींना बोलाव. स्ट्रेचर सोडव. स्कॅन, आत्ता. हिला शेवटचं कुणी तपासलंय?"

बेथनी आणखी एकाला वर पोचवून लिफ्टकडून येत होती आणि वाटेतच उभी राहिली होती.

भिंतीवरचा फोन नोरीनच्या हाताशी होता. तिने नंबर फिरवला.

"लेन, तुझ्या दारात जो आहे त्याला बाहेर काढ."

"तुझाच आहे तो. प्लॅस्टरवाला. चढवतोय टेबलावर."

"काढ त्याला. म्हातारीला आणतायत."

"नोरीन, तीन एकोणपन्नास झालेत त्याचे. अकरा मिनिटं. आता खाली उतरवला तर गेला तो. हा तुमचा तेरावा ना? मघापासून तूच..."

"फुटू दे," ती म्हणाली.

मग लेनचा आवाज आला, फोनमध्ये नव्हे, खोलीतल्या कुणाला तरी. "उतर बाबा खाली. बस जरा बाकावर."

डोक्यात रक्त साकळलं होतं. हे फोटोत दिसायला चार मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टर अडेयेमींनी मोठ्या शहराच्या इस्पितळातल्या मेंदूच्या डॉक्टरांशी उभ्या उभ्या बोलणं केलं, रक्त घट्ट करायचं औषध सुरू केलं, नळी घातली, अँब्युलन्स मागवली. नोरीन आपल्या खुर्चीवर परत जाऊन बसली, कारण दुसरं काही तिच्या हातात नव्हतं. वरची केशरी ओळ तिच्या डोळ्यांदेखत लाल झाली, खाली गेली, टॅटरसॉलच्या खाली जाऊन थांबली. तेरा.

गॅरेथ धावतच जिना उतरला. अशा बातम्यांना जिना लागत नाही.

"ऐकलं मी," तो म्हणाला. तो खरोखर हादरला होता, हे तिला दिसलं. "कशी आहे ती?"

"नेतायत."

"वाचेल?"

"अडेयेमी काही बोलत नाहीत."

मग हातातल्या फायलीतून त्याने दोन कागद काढले. फुटलेल्या प्रत्येक माणसाचा एक कागद भरावा लागे. कारण काय, त्याचे चौकोन असत: खाट नव्हती, डॉक्टर नव्हता, तपासणीला उशीर, वैद्यकीय कारण, इतर.

"तो प्लॅस्टरवाला," गॅरेथ हळू म्हणाला. "त्याला वैद्यकीय कारण लावता येईल. त्याला हलवणं योग्य नव्हतं म्हणायचं. मग तो मोजत नाहीत. बारावर राहतो आपण. नोरीन, मी चोरी करायला सांगत नाही. एका बाईचा जीव वाचवायला त्याला थांबवलं, हे वैद्यकीय नाही तर काय आहे?"

"तिचं होतं वैद्यकीय. त्याचं नव्हतं. तो काचऱ्या खात होता."

"ही कॅज्युअल्टी बंद पडली तर पुढची विनिफ्रेड बावीस मैल जाणार आहे."

तो खोटं बोलत नव्हता. तिने पेन घेतलं आणि प्लॅस्टरवाल्याच्या कागदावर तपासणीला उशीर या चौकोनात खूण केली. मग दुसरा कागद ओढला. टॅटरसॉल, डब्ल्यू. तिथे तिने इतर हा चौकोन भरला, आणि पुढच्या रेघेवर, मावेना तेव्हा समासात, सावकाश, शाळेतल्यासारख्या अक्षरात लिहिलं: फुटल्यानंतर तीन वेळा मागे टाकली. एन. एन्टविसल.

गॅरेथने ते वाचलं. पुन्हा वाचलं.

"हे मी वर कसं पाठवू?"

"मला नाही माहीत."

"फुटल्यानंतरचं कुणी विचारतच नाही, नोरीन. चार तासांपुढे काय झालं याला या कागदावर जागाच नाही."

"म्हणूनच समासात लिहिलंय थोडं."

त्याने दोन्ही कागद फायलीत घातले. फाडले नाहीत. जिन्याकडे जाताना त्याची पावलं नेहमीपेक्षा सावकाश पडत होती.

अँब्युलन्स मागच्या दाराशी लागली तेव्हा साडेचार होऊन गेले होते. टेकडीवरून बारीक पाऊस येत होता, लागतो न लागतो असा. विनीला आत चढवलं. तोंडात नळी, अंगावर लाल पांघरूण, बाजूला मशीनची टिकटिक. डेक्लन तिच्याबरोबर चढला. चढताना त्याने नोरीनच्या दंडाला धरून सोडलं.

म्हातारा खाली उभा होता. एका हातात बायकोची पर्स, दुसऱ्या हातात तिचे बूट घातलेली प्लॅस्टिकची पिशवी. पर्स कशी धरायची हे त्याला कळत नव्हतं. तो ती पोटाशी धरून उभा होता.

"तू होतीस म्हणून," तो म्हणाला. "त्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं मला. तू उठून आलीस म्हणून कळलं. नाहीतर मी आपला कौतुक करत बसलो होतो, घोरतेय म्हणून." त्याने पर्स आणखी घट्ट धरली. "तुझं नाव लिहून दे पोरी. मी इस्पितळाला कागद लिहीन. चांगलं केलं तर लिहायला हवं. नेहमी तक्रारीच जातात."

"नका लिहू," नोरीन म्हणाली.

"का गं?"

ती अँब्युलन्सच्या पायरीकडे बघत होती. पायरीवर पावसाचे थेंब जमत होते.

"तुमचा नंबर पावणेदोनलाच लागत होता, मिस्टर टॅटरसॉल. मी तिला मागे टाकलं. तीन वेळा. मीच फोन केला, मीच सांगितलं."

म्हाताऱ्याने ऐकलं. त्याला नीट समजायला वेळ लागला, कारण असलं काही त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"मागे टाकलं म्हणजे?"

"दुसऱ्यांना पुढे घेतलं."

तो विचार करत राहिला. भरल्या गाडीत कुणाला उभं करायचं आणि कुणाला बसवायचं, हे एकतीस वर्षं बघितलेल्या माणसासारखा. मग त्याने मान डोलावली, एकदा, आणि पुन्हा एकदा, स्वतःची समजूत पटल्यासारखी.

"मग बरोबरच केलं असशील," तो म्हणाला. "त्यांना जास्त लागलं असेल. आम्ही म्हणालोच होतो, घाई नाही म्हणून. तू कशाला मनाला लावून घेतेस?"

"चला काका," आतून ड्रायव्हर म्हणाला.

म्हाताऱ्याने एक पाय पायरीवर ठेवला, आणि तो वळला.

"काय झालं होतं त्यांना?" त्याने विचारलं. आवाजात काही नव्हतं, नुसती चौकशी होती. "त्या तिघांना. आता बरे आहेत ना?"

नोरीनने तोंड उघडलं. तीन एकेचाळीस. तीन छत्तीस. तीन बावन्न. मिनिटं तिला तोंडपाठ होती. छत्तीसवाली बाई होती की मुलगी, एकेचाळीसच्या छातीत दुखत होतं की पाठीत, बावन्नचं नाव काय, तो चालत आला होता की आणला होता, ती शोधत राहिली. यादीतल्या ओळीच तेवढ्या डोळ्यांपुढे येत होत्या, केशरी, एकाखाली एक.

ड्रायव्हरने दाराला हात घातला. म्हातारा पायरीवर एक पाय ठेवून तसाच उभा राहिला. पावसाने त्याचे खांदे भिजत होते, तरी तो उत्तरासाठी थांबला होता.